बावीस नंबरचं कालबूत

॥ श्री ॥
भिवपुरी,
ता. ३ जून १९४६

चि. सदूस जिजाअक्काचे अनेक आशीर्वाद. पत्रास कारण की, तुझी विमल तुझ्या वाट्याला राहते की नाही, याचीच मला आता काळजी लागली आहे.

काल कुंभिवलीहून तिचे वडील आले होते. मी चहा केला, पोहे दिले, गाय व्याल्याची बातमी दोनदा सांगितली. पण बाबा काही आतल्या खोलीतून बाहेर आले नाहीत. व्याही बराच वेळ बसले आणि उठताना म्हणाले की, पोर दोन वर्सं सांगून ठेवलीय, आता तारीख द्या, नाय तर नाय म्हणा, आमी वाईट वाटून घ्यायचो नाय. भांडले असते तर मीही भांडले असते. इतकं नीट बोलले, म्हणून मला जास्त लाज वाटली.

बाबा बाहेर का येत नाहीत, हे तू दिवाळीला आला होतास तेव्हा विचारलंस. त्यांनी मला डोळ्यांनीच गप्प केलं होतं. आता ऐक. गेल्या दसऱ्याला कर्जतच्या कारखान्यात हत्यारांची पूजा मांडली होती. कात्र्या, इस्त्र्या, आणि मधोमध बाबांनी वीस वर्षांत कोरलेली सगळी कालबुतं. टोपी ज्या लाकडी डोक्यावर चढवून खळ लावतात नि इस्त्री फिरवतात, त्या डोक्यावर कारखान्याची अब्रू. ते बिनचूक तर टोपी बिनचूक. त्यात बावीस नंबरचं एक कमी निघालं. ते मालकाच्या, आबाजीशेटच्या, स्वतःच्या डोक्याच्या मापाचं. त्याला चीर गेली म्हणून बाबांनी ते दुरुस्तीला घरी आणलं होतं, आणि तसं सांगितलंही. शेट म्हणाला, चोरीला दुरुस्ती कवापासून म्हनायला लागलास रं नामा. आणि आम्हा चाळीस बायकांच्या देखत त्यानं बाबांच्या डोक्यावरची टोपी काढली नि खळीच्या घमेल्यात टाकली.

बाबा कर्जतच्या बाजारातून थेट भिवपुरीपर्यंत बोडक्यानं चालत आले, मी मागून. आपल्यात माणूस बोडका दिसतो तो सुतकातच, ते तुला ठाऊकच आहे. भेटेल तो विचारी. वरच्या वाडीची कोंडी मोळी विकून परतत होती, तीसुद्धा थांबली नि कोन गेला वं दादा, म्हणून हळहळली. बाबा चालतच राहिले. घरी आल्यावर एकदाच बोलले, की ज्या हातानं टोपी काढली त्याच हातानं ती परत घातली पायजे, नाय तर सरणावर मला असाच न्या. आठ महिने होत आले, ते कुणाच्या दारात गेलेले नाहीत. उघड्या डोक्याचा बाप मुलाच्या मांडवात उभा राहत नाही, तेव्हा तुझं लग्न कुठे अडलं आहे ते कळलंच असेल.

तू म्हणशील, अक्का, मग तू त्याच कारखान्यात कशी जातेस. भाकरीसाठी जाते, आणि त्याला पडताना पाहायला जाते. मृग चार दिवसांवर आला आहे. दर वर्षी या आठवड्यात बाबा कालबुतांना करंजाचं तेल पाजून भाताच्या कोंड्यात पुरून ठेवत आणि लागेल तेवढंच बाहेर काढत. यंदा कुणी तेलाचा थेंब लावलेला नाही. लाकूड पावसाचं पाणी पिणार नि फुगणार. शेटला यातलं काही कळत नाही. त्याला कळतात फक्त शकुन. मांजर आडवं गेलं तर भरलेली पेटी गाडीतून उतरवतो, शनिवारी माल हलवत नाही, दाराला काळी बाहुली टांगतो. मला कळतं, आणि मी बोलणार नाही. अस्तरावर नंबराची चिठी चिकटवणं माझं काम. कालबुतावर जो आकडा कोरला आहे तोच चिकटवीन. त्यात माझं खोटं काय?

माल आफ्रिकेला जायच्या आधी तुझ्याच पेढीत, तुझ्याच टेपाखाली येतो. माप नीट घे म्हणजे झालं. भावाची माया आहेच, ती पत्रातून दिसू दे.

तुझी,
जिजाअक्का

॥ श्री ॥
मुंबई,
ता. २ जुलै १९४६

तीर्थरूप बाबांचे चरणी बालक सदूचा शिरसाष्टांग नमस्कार. विनंती विशेष.

अक्काचे पत्र पोचले. दसऱ्याची हकीकत वाचून दोन दिवस जेवण गेले नाही. परंतु बाबा, लहान तोंडी मोठा घास घेतो, क्षमा असावी. आबाजीशेट पैसेवाला माणूस. तो आपल्या दारी येऊन आपल्या डोक्यावर टोपी ठेवील, हे या जन्मी घडायचे नाही. त्याच्या उद्दामपणापायी आपण घरात कोंडून घ्यावे, आणि कुंभिवलीच्या मंडळींनी दुसरे घर बघावे, यात नुकसान कोणाचे? झाले गेले गंगेला मिळाले म्हणावे आणि डोक्यावर टोपी घालावी.

सोबत येणाऱ्या माणसाबरोबर आपल्या मापाची, साडेएकवीसची, एक काळी टोपी पाठवीत आहे. आमच्या पेढीतली नव्हे, बाजारातून विकत घेतली आहे. घालावी, ही पायांपाशी विनंती. लेकरावर कृपादृष्टी आहे तशीच ठेवावी.

आपला आज्ञाधारक,
सदू

॥ श्री ॥
मुंबई,
ता. २० ऑगस्ट १९४६

तीर्थस्वरूप गं. भा. जिजाअक्कास सदूचा सा. न. वि. वि.

टपालवाल्यांचा संप मिटला, म्हणून हे पत्र तरी जाते आहे. बाबांनी माझी टोपी खुंटीला टांगून ठेवल्याचे पाहुण्यांकडून कळले. रागावले असतील. माझे पत्र फाडून टाकले की काय, तेही कळव.

आता मुख्य बातमी. मोंबाशाच्या व्यापाऱ्याच्या आठशे मखमली टोप्या कर्जतहून आल्या. लढाईनंतरची पहिली मोठी मागणी, म्हणून मुनीमजी स्वतः पेटी उघडायला आले. गंमत म्हणून त्यांनी एक टोपी डोक्यावर घातली, ती सैल होऊन भुवयांवर आली. सगळे हसले. मग त्यांनी मला माप घ्यायला सांगितले. अक्का, बापाचा राग काढतो असे कोणी उद्या म्हणू नये म्हणून प्रत्येक टोपी मी तीन तीन वेळा मोजली. साडेएकवीसची चिठी, आणि आत दोन सूत, म्हणजे पाव इंच, जास्त. बावीसची चिठी, आत दोन सूत जास्त. एकही सुटली नाही. सगळा माल परत. दिवाळीनंतरच्या बोटीला बरोबर मापाच्या टोप्या न आल्या तर मागणी दुसऱ्या कारखान्याला जाईल, असे पेढीने शेटला लिहिले आहे. ते पत्र टपालात टाकायला मीच गेलो.

तुला खरे सांगतो, मी बाबांना जे लिहिले ते आज लिहिले नसते. पेट्यांना परतीचे खिळे ठोकताना मला फार बरे वाटले. एकच विचार मनात येतो, की काम थांबले तर त्या चाळीस जणींनी काय करायचे? यावर तू काय म्हणतेस ते लिही. मोठेपणी धाकट्यावर माया पातळ करू नये.

तुझा,
सदू

॥ श्री ॥
भिवपुरी,
ता. ९ ऑक्टोबर १९४६

चि. सदूस जिजाअक्काचे आशीर्वाद. मुंबईत दंगल चालली आहे असं ऐकते. गोदीकडे एकटा जाऊ नकोस, आणि गेलास तर मला लिहू नकोस.

हे पत्र बसून वाच. परत आलेल्या पेट्या नि पेढीचं पत्र एकाच दिवशी कारखान्यात पोचलं. शेट आधी आम्हा बायकांवर ओरडला, मग पावसावर, मग दाराची काळी बाहुली काढून नवी टांगली. खालापूरच्या कुणा सुताराकडून आंब्याच्या लाकडाची कालबुतं घाईनं करून आणली. ओलंच लाकूड ते. पहिल्या इस्त्रीला फटकन तडकलं, आणि मी अस्तरात तोंड खुपसून हसले. शेटचा चेहरा मात्र पांढरा पडला. कुणाची तरी नजर लागली म्हणून त्यानं कारखान्यावरून सात नारळ उतरवले. तू विचारलंस म्हणून लिहिते. काम बंद होतं तेव्हा आमच्यातल्या जनीच्या घरी दोन दिवस चूल पेटली नाही. मी तांदूळ नेऊन दिले, पण कारण सांगायचं धाडस झालं नाही. तेवढं मला अजून खुपतं.

दसऱ्याला पूजेत मांडायला धड कालबूत उरलं नव्हतं. सकाळीच शेट टांगा करून आला, टांगा नाक्यावर ठेवून आपल्या दारात उभा राहिला. बाबा बाहेर आले, बोडकेच. शेट म्हणाला, नामा, झालं ते झालं, कारखाना तुझाच हाय, चल. मला वाटलं बाबा दार लावून घेतील. ते म्हणाले, येतो. जुनी कालबुतं कोंड्यात सुकवून लागेल तेवढी तासतो, आठ दिवसांत काम चालू होईल, बोट चुकायची नाही, बायांची चूल बंद राहायची नाही. पण आता एक नवा संच कोरायला हवा, शिवणीच्या लाकडाचा, आणि नव्या संचातलं पहिलं कालबूत मालकाच्या डोक्याचं असतं. तेव्हा टोपी काढा, खाली बसा.

आणि सदू, तो बसला रे! आपल्या अंगणात, सारवणावर, धोतर सावरत. टोपी बाबांनी माझ्या हातात दिली. मग मेण लावलेला दोरा घेतला नि माप सुरू केलं. कपाळावरून, कानामागून, मानेवरून, पुन्हा कपाळावरून. एका डोक्याला इतका वेळ लागलेला मी आयुष्यात पाहिला नाही. सगळी आळी कुंपणाशी जमली होती. शेटच्या टकलावर घाम आला होता, आणि तो पुसायचा तर बाबा म्हणत, हलू नका, सूत चुकतं.

माप झाल्यावर बाबांनी आपला शब्द सांगितला, त्याच हाताचा. शेटनं टांग्यातून नवी कोरी टोपी आणवली. बाबा म्हणाले, नवी नको, जिजाच्या हातात हाय ती. आख्ख्या आळीसमोर आबाजीशेटनं स्वतःच्या डोक्यावरची टोपी दोन्ही हातांनी बाबांच्या डोक्यावर ठेवली. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

खरी गंमत पुढेच आहे. शेट ती नवी टोपी स्वतःच्या डोक्यावर घालू लागला, तर बाबांनी हात धरला. म्हणाले, नव्या संचासाठी मालकाचं माप घेतलं, की त्या कालबुतावरची टोपी निघेपर्यंत मालकानं डोक्याला दुसरं कापड लावायचं नसतं, नाय तर संच तडकतो, खालापूरवाल्यासारखा. शेटनं विचारलं, किती दिवस. बाबा म्हणाले, शिवणीचं लाकूड सावलीत सुकाय तीन-चार म्हयने. शेटनं उपरणं अर्ध्यापर्यंत उचललं, बाबांकडे पाहिलं, आणि पुन्हा खांद्यावर टाकलं.

नाक्यापर्यंत तो बोडक्यानं चालत गेला. मी मुद्दाम कुंपणापाशी उभी होते. समोरून कोंडी मोळी घेऊन येत होती. तिला बिचारीला यातलं काहीच ठाऊक नाही. ती थांबली, मोळी खाली ठेवली, आणि शेट, कोन गेला वं, म्हणून विचारलं.

नंतर मी बाबांना म्हटलं की, वीस वर्षांत असला रिवाज मी कुठे ऐकला नाही. बाबा म्हणाले, आजपासून हाय.

कुंभिवलीला निरोप गेला आहे, माघ शुद्ध पंचमी. विमलला म्हणावं, आता तरी सदूच्या टोपीचं माप काढून ठेव. बहिणीला विसरू नकोस, मांडवात माझा मान मोठा आहे.

तुझी,
जिजाअक्का

॥ श्री ॥
भिवपुरी,
ता. १७ नोव्हेंबर १९४६

चिरंजीव सदूस बापाचा आशीर्वाद. मला लिहायची सवय नाही, थोडक्यात लिहितो.

टोप्या मापाला बरोबर उतरल्या आणि बोटीवर चढल्या, हे तुझं कार्ड जिजानं वाचून दाखवलं. कारखाना चालू आहे. जनीला पुन्हा काम मिळालं. मी रोज कर्जतला जातो, बाजारातून जातो.

तुझ्या लग्नाचं आमंत्रण मी शेटला स्वतः जाऊन दिलं. येतो म्हणाला. येईल तसाच, बोडका. कुंभिवलीच्या मंडळींच्या मधोमध, पुढे बसवणार आहे. कुणी विचारलं कोण गेलं, तर त्याचं तो सांगेल.

एक गोष्ट जिजाला सांगितलेली नाही, तिला हसू आवरायचं नाही. ज्याची चोरी माझ्यावर घातली ते बावीसचं कालबूत चीर भरून, तेल पाजून, वर्षभर आपल्या कोंड्याच्या कणगीत तयार पडलं आहे. त्याच्यावर शेटची टोपी एका दिवसात निघते. लग्न पार पडलं की बघू म्हणतो. मला घाई नाही.

लवकर ये. विमलच्या वडिलांशी नीट बोल, त्यांनी फार सोसलं. घरच्यांवर जीव आहे तसा राहू दे.

तुझा,
बाप नामा

ता. क. तुझी टोपी खुंटीलाच आहे, लग्नात तूच घाल. शेटची बावीसची मला सैल होते, भुवयांवर येते. म्हणून तुझं ते झाले गेले गंगेला मिळाले लिहिलेलं पत्र चार घड्या घालून आतल्या पट्टीत सारलं आहे. आता घट्ट बसते.