यांच्या नंबरातले आठ

हुलसूर, १४ जून २००९

राग गिळवेना. यांना जाऊन वर्ष झालं, आणि आज धाकटे दीर म्हणतात, यांचा मोबाइल नंबर बंद करा.

"वैनी, आकड्यांची बेरीज त्रेपन्न. पाच आन् तीन आठ. शनीचा आकडा! त्यानंच अण्णाला नेलं. कामून ठेवायलात?"

आठ म्हणजे काय? त्या दहा आकडी संख्येला नवाने भागलं तर बाकी आठ उरते, एवढंच. मी भागून पाहिलं. आकड्यांची बेरीज करत एकच आकडा उरला की तीच नवाची बाकी, ही खूण यांनीच शिकवली होती. कन्नड शाळेत शिकलेले, बेरीज कन्नडातच पुटपुटायचे. गावातल्या दर नऊ नंबरांत साधारण एकाचे आठ येणारच. ते सगळे मेले का?

"भावजी, तुमचा नंबर सांगा."

बेरीज चव्वेचाळीस. चार आन् चार?

"असू द्या वैनी, चहा टाका."

दिला. बिनसाखरेचा.

पण मनातून जाईना. त्यानंच नेलं म्हणे! हे हैदराबादेत कामावर होते तेव्हा रोज संध्याकाळी याच नंबरावरून विचारायचे, "जेवलीस का?" तेव्हाही बेरीज आठच होती.

नंबर बंद होणार न्हाई.