उचल, सोड, थांब

८ जानेवारी १९५१

घेतलं यांना! मुंबईच्या गोदीत, क्रेनवर, शिकाऊ म्हणून. चौथी पास लागते, ती आहे. डोळे, कान, छाती तपासली. रंगीत लोकरीच्या लड्या पुढ्यात टाकून साहेब म्हणाला, हिरव्या तेवढ्या वेच. केळीच्या वाडीत वाढलेल्याला हिरवा रंग विचारायचा! मी हसले, पण स्वयंपाकघरात जाऊन. मामंजींपुढे यांच्याशी बोलायची चोरी, मग हसायचं कसं?

११ जानेवारी

शेजारचे प्लासिडमामा जुने क्रेनवाले, तेच शिकवणार. ओटीवर सांगत होते — मेमध्ये परीक्षा, पास झाला की गोदीजवळ खोली मिळते. मी दाराआड. खोली! लग्नाला वर्ष झालं, दिवसाउजेडी यांच्याशी चार शब्द धड बोलले नाही. देवा, पास होऊ देत.

मामंजी एवढंच म्हणाले, "आणि वाडीकडे कोण बघणार?"

२ फेब्रुवारी

क्रेन पाण्याच्या जोरावर चालते म्हणे! आपल्याकडे बैल रहाट फिरवून पाणी वर काढतात, तिथे पाणीच लोखंड वर काढतं. कसं? तर दाबाने. दाब कुठून येतो? हे म्हणाले, "झोप आता."

१९ फेब्रुवारी

पहाटेच्या गाडीने गोदीत जातात, रात्री घरी येतात. अजून नुसती तेल-ग्रीस आणि पुसापुशी.

६ मार्च

क्रेन चालवायचा दांडा हातात आला! पण यांचं एक सारखं चुकतं. जहाजाच्या पोटात ओझं कुठे टेकतंय ते वर बसणाऱ्याला दिसतच नाही. खाली एक माणूस उभा असतो, तो हाताने खुणा करतो, त्याच पाळायच्या. बोट वर करून फिरवलं — उचल. तळवा खाली — सोड. मूठ — थांब. हे आपले अंदाजाने सोडतात. प्लासिडमामा भडकले, "तू डोकं चालवू नको रे! हात बघ, हात!" असंच चाललं तर परत वाडीत.

७ मार्च

सरावाला कुणीतरी हवं. मी! फणसाच्या फांदीवरून दोर, दोराला बादली. हे गोठ्याआड दोर धरून, बादली दिसू नये म्हणून; मी कोपऱ्यावर, खुणा करायला. खाली मडकं. बादली त्याला न लागता शेजारी टेकवायची. फुटलं! सासूबाई ओरडल्या, "मडकी काय झाडाला लागतात?" मामंजी बघत राहिले, बोलले नाहीत. बोलणार काय? मी तोंडातून शब्द काढलाच नव्हता!

२८ मार्च

नवीन कळलं — ओझं झोके घ्यायला लागलं तर उलट ओढायचं नाही. झोक्याबरोबर थोडं जायचं, मग ते गप्प होतं. विहिरीवर कळशी दोराला टांगून करून पाहिलं. खरंच की!

१५ एप्रिल

मडकी फुटत नाहीत आता. खुणा मात्र वाढल्यात. मी भात वाढते, हे मूठ करतात — थांब. मी मुद्दाम बोट फिरवते — उचला ताट! सगळ्यांदेखत! सासूबाई म्हणाल्या, "अभ्यास फारच चाललाय हो." माझे कान लाल. फार सुखात आहे मी, लिहूनच ठेवते.

११ मे

पास! खोलीही मिळाली.

जेवताना मामंजी म्हणाले, "त्याने जावं. सून इथेच राहील, वाडीत माणूस लागतं."

हे माझ्या हातांकडे बघायला लागले. मी भाताचं पातेलं खाली ठेवलं, दोन्ही हात पदराआड घेतले आणि सगळ्यांसमोर, तोंडाने, यांना म्हणाले — "मी येणार."

मामंजींचा घास हातातच राहिला. आणि हे अजून माझ्या पदराकडेच बघत होते.