आत आलेल्याला बाहेर कसं काढायचं

बाई, तुम्ही गेलात त्याला अकरा वर्षं झाली आणि तुमच्याशी भांडायचं राहूनच गेलं. तुम्ही धडधाकट होतात, आम्हाला शाळेत शिकवत होतात, तेव्हा तुमच्यासमोर मान वर करायची माझी टाप नव्हती. नंतर अंबाजोगाईच्या दवाखान्यात तुमच्या उशाशी मी मोसंबी सोलत बसले होते; आजारी माणसाशी काय भांडायचं? आज रविवार, दुपारची वेळ आहे. वह्या तपासायच्या पडल्यात आणि एक वही उघडायचंही त्राण माझ्यात नाही. दमलेय मी. पोरांनी नाही दमवलं, पोरांनी मी दमत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. मोठ्या माणसांनी दमवलं.

मी सध्या धारूरच्या डोंगरातल्या एका वाडीवर आहे. शाळेत दोनच शिक्षक, मुख्याध्यापक आणि मी. दिवाळी झाली की वाडी अर्धी रिकामी होते. ट्रॅक्टरमध्ये भांडीकुंडी, शेळ्या, कोयते टाकून माणसं ऊस तोडायला जातात ती गुढीपाडव्याच्या आसपास परत येतात. तुमच्या वेळी पोरंही त्यांच्याबरोबर जायची आणि त्यांची शाळा तिथंच संपायची. आता आम्ही दसऱ्यापासून घरोघर फिरतो, 'पोरांना आजीपाशी ठेवा, वर्ष बुडवू नका.' तिसरीतल्या एका पोरीची आई काही केल्या ऐकेना. 'बाई, लेकरू नजरंआड नको वाटतं,' म्हणत होती. तिच्या दारात मी तीन चकरा मारल्या. शेवटी म्हणाले, 'अगं, मी आहे ना इथं.' या वाक्यावर तिनं पोरगी मागं ठेवली. हे आधी सांगून टाकते, कारण पुढचं सगळं या वाक्यानंतरचं आहे.

मुलांनी स्वतःला कसं जपायचं, नको तसा हात कुणी लावला तर काय करायचं, हे शिकवायचं प्रशिक्षण आम्हाला तालुक्याला झालं होतं. सोबत एक तक्ता दिला. त्यातली पोरं गोरीगोमटी, बूट घातलेली, बागेत झोक्यावर बसलेली. आमच्या वर्गानं तक्ता नीट बघितला आणि विचारलं, 'बाई, ह्ये कुठलं गाव हाय?' मग तो मी कपाटावर टाकला आणि आपलं आपण सुरू केलं. जुन्या पायमोज्यांच्या बाहुल्या शिवल्या, एक करडू आणि एक लांडगा. लांडगा गोड बोलतो, गोळ्या देतो, 'कुणाला सांगू नको हं' म्हणतो, आणि सगळा वर्ग करडाला ओरडून सांगतो, 'सांग! आईला सांग!' मग ओरडायची तालीम घेतली. मैदानात उभं राहायचं आणि बेंबीच्या देठापासून 'नाही' म्हणायचं. आमच्या पोरांनी काय करावं? साऱ्यांनी उलटा हात तोंडावर नेला आणि शिमग्याची बोंब ठोकली. खालच्या आळीतले आजोबा काठी टेकत धावत आले. 'बाई, शिमगा लई लांब हाय की! कुणाच्या नावानं बोंबलायलेत ही?' इतकी हसले मी त्या दिवशी! असलं काही जमलं की अजूनही वाटतं, तुम्ही मागच्या बाकावर बसून बघायला हव्या होतात.

त्याच आठवड्यात पंजाचा खेळ घेतला. कागदावर हात ठेवायचा, भोवतीनं पेन्सिल फिरवायची आणि पाच बोटांवर पाच माणसं लिहायची, ज्यांना आपण काहीही सांगू शकतो अशी. त्या पोरीनं लिहिलं, आई, बाबा, आजी, बाई, आणि करंगळीवर 'गिरणीवाले मामा'. मी लाल पेनानं 'छान' लिहून चांदणी काढून दिली. तो कागद आता माझ्याकडे नाही, पोलिसांनी नेला. पण चांदणी काढताना मनात काय होतं ते मला लख्ख आठवतं. भला माणूस आहे, असंच मला वाटलं होतं.

सगळ्या वाडीलाच वाटायचं. गिरणी त्याची, म्हाताऱ्याकोताऱ्यांचं दळण तो स्वतः उचलून घरी पोचवायचा. आणि वाडीतल्या आज्यांकडे कुठं मोठा फोन असतो, असला तरी त्यात रिचार्ज नसतो. तर दर रविवारी संध्याकाळी पोरांनी गिरणीवर जायचं आणि त्यानं आपल्या फोनवरून त्यांच्या आईबापांना लावून द्यायचं. उसाच्या फडावर पाचटाच्या कोपीत बसलेली आई चांगली चेहऱ्यासकट दिसायची. एका सभेत मीच म्हणाले होते, अशी माणसं गावात पाहिजेत. माझ्या जिभेला काय हाड?

पुढच्या सोमवारी मी मैदानात रांगोळीनं तीन रिंगणं काढली, एकात एक. मधल्यात आपण उभं राहायचं. आपल्या अगदी जवळ कुणी यायचं, कुणी दुसऱ्या रिंगणात थांबायचं, कुणी बाहेरूनच रामराम घालायचा, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. कुणी शेळीला मधे घेतलं, कुणी मला बाहेर उभं केलं, हशा चालला होता. त्या पोरीची पाळी आली. ती मधे गेली, पायांकडे बघत राहिली आणि म्हणाली, 'बाई, जो आदीच आत आलाय, त्याला भाईर कसं काडायचं?'

पोरं हसली. एक क्षण मीही हसले. मग तिचं तोंड बघितलं. खिचडीची वेळ झाली होतीच, बाकीच्यांना ताटं घ्यायला पिटाळलं आणि तिला घेऊन नळापाशी बसले. ती रडली नाही. नळाची तोटी उघडायची, बंद करायची, असं करत बोलत राहिली. 'त्यो सरळ फोन लावत न्हाई. समद्यांचं झालं की मला थांब म्हणतो. मांडीवर बस, मंगच लावतो म्हणतो.' पुढचं तुम्हालाही लिहीत नाही. मी विचारलं, 'आईला नाही सांगितलंस?' तिनं माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच तिसरीत आहे. 'बाई, आई त्याच्याच फोनात असती की.'

आता तुमच्यावर येते. मी चौथीत. आमच्या भावकीतला एक माणूस मला सायकलवर बसवून शाळेत सोडायचा. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी तुमच्या घरी यायची. तुम्ही चुलीपुढे बसून भाकरी थापताय, मी परातीशेजारी, आणि मी तुम्हाला सांगते आहे. तुमचा हात थांबतो. तव्यावरची भाकरी करपायला लागते, तिचा वास येतो, तरी तुम्ही ती उलटत नाही. मग म्हणता, 'मोठ्या माणसांबद्दल असलं बोलू नये. आणखी कुणाला बोललीस? नाही ना? बोलूही नकोस.' आणि मला ठेचा-भाकरी वाढता, वर लोण्याचा गोळा. दुसऱ्या दिवशी आमच्या वडिलांना निरोप येतो, 'पोरगी हुशार आहे, स्कॉलरशिपला बसवते, उद्यापासून तिला माझ्याबरोबर चालत पाठवा.' तुम्ही वाकडी वाट करून आमच्या दारावरून यायचात. पाढे म्हणवून घेत मला न्यायचात, आणायचात. पावसाळ्यातसुद्धा. वर्षभर. त्या वाटेवर आपण सगळं बोललो, ते सोडून.

तुम्ही मला वाचवलंत, बाई. मी आज शिकवते आहे ती तुमच्यामुळे. पण त्या सायकलवर माझ्यामागून माझी चुलतबहीण बसायला लागली. ते तुम्हाला दिसत नव्हतं का? रोज आपल्या शेजारून ती सायकल जायची. तुम्ही पाढा थोडा मोठ्यानं म्हणायला लावायचात. बहीण पाचवीतच शाळेतून निघाली, पुढं लग्न, पुढं काय काय. तिच्या डोळ्याला डोळा मी आजवर दिला नाही. हा राग मी कुणावर काढू? तुमच्यावरच काढते, ऐका.

त्या सोमवारी मी आधी आजीकडे गेले. म्हातारीनं डोक्याला हात लावला. 'माय गं! मी त्येला रोज दुवा दिऊ लागले व्हते.' मुख्याध्यापक म्हणाले, 'बाई, आधी गावातल्या चार माणसांच्या कानावर घालू. झाकली मूठ सव्वा लाखाची. पोरीचं नाव खराब होईल.' मी म्हटलं, 'सर, ती चारही माणसं त्याच्याच गिरणीवर दळतात. आणि नाव त्याचं खराब व्हायला पाहिजे, पोरीचं का?' माझा आवाज चढला होता, पोरं धुतलेली ताटं घेऊन बघत उभी होती. मग त्यांच्यासमोरच पोलिसांना फोन लावला. साध्या साडीतल्या एक पोलीस बाई आजीच्या ओट्यावर येऊन बसल्या, पोरीशी तासभर बोलल्या. त्याला नेलं. नंतर आणखी दोन घरांतून पोरी बोलल्या.

आई तिसऱ्या दिवशी आली, दोन एसट्या बदलून, हाताला उसाच्या पाचटाचे ओरखडे तसेच. वर्गाच्या दारात उभी राहून पोरीला म्हणाली, 'कावून न्हाई सांगितलं गं मला?' पोरगी म्हणाली, 'फोन त्याचा व्हता.' आई तिथंच उंबऱ्यावर बसली. माझ्याकडे बघितलं तिनं. मला वाटलं आता म्हणेल, तुम्ही होतात ना इथं? म्हणावं अशी माझी इच्छाही होती. ती पदर तोंडाला लावून बसून राहिली. ती आता परत फडावर जाणार नाही म्हणते. यंदा तरी नाही.

वाडीचं म्हणाल तर गिरणी बंद आहे. बाया मला रस्त्यात गाठून सांगतात, 'तुमच्यापायी डोक्यावर दळण घिऊन दीड कोस जावं लागतंय.' एक म्हणाली, 'आपलेच दात, आपलेच ओठ, बाई. जरा दमानं घ्यायचं.' मी दमानं घेतलं असतं तर आणखी किती पोरी त्या मांडीवर बसल्या असत्या, हे तिला विचारायचं होतं. पण दम उरला नाही, बाई. मी 'हो' म्हणून पुढं निघाले. मुख्याध्यापक चहा एकटेच पितात. माझी बदली होईल असं सगळे म्हणतात, होईलही.

परवा ती पोरगी खिचडी खाऊन झाल्यावर माझ्याजवळ येऊन बसली. शाळा सुरू आहे तिची, दंगाही करते. मधेच म्हणाली, 'बाई, तुमी बारक्या असताना तुमाला असं कुणी केलतं का?' तिच्याशी खोटं बोलायचं नाही असं मी ठरवलेलं, म्हणून हो म्हणाले. ती जरा सरकून आणखी जवळ बसली. 'मंग तुमी कुणाला सांगितलं?'

मी म्हणाले, 'कुणालाच नाही.'

तिला फार बरं वाटलं. गालात हसत म्हणाली, 'मंग मी तुमच्यापरीस शानी हाय.' मी म्हटलं, 'आहेसच बाई तू.' आणि ती उड्या मारत खेळायला गेली.

हे पत्र मी कुठं पाठवणार? वह्यांच्या गठ्ठ्यात राहील आणि सुट्टीत बंबात जाईल. मीही तिच्याइतकीच शहाणी होते, बाई. मीही सांगितलं होतं. पण तसं म्हणाले असते तर तिनं लगेच विचारलं असतं, मग त्यांनी काय केलं? म्हणून तुमच्यासाठी मी त्या पोरीशी खोटं बोलले.