माझा ओढा आणि व्हर्नच्या गाई

२ जून, रविवार

काल चर्चच्या तळघरात ट्राउट क्लबचं प्रशिक्षण झालं आणि टोर्गर्सन ओढ्याचा जलपरीक्षक म्हणून माझी नेमणूक झाली. दुसरा उमेदवार नव्हता. गावाचं माझ्याबद्दल एकमत आहे, असा मी याचा अर्थ घेतो. थर्मामीटर, जाळी, पांढरा ट्रे आणि किड्यांच्या चित्रांचं पुस्तक मिळालं.

उन्हाळाभर पाणी थंड आणि स्वच्छ राहिलं तर सप्टेंबरात क्लब आमच्या ओढ्यात ब्रुक ट्राउटची पिल्लं सोडणार. वडील होते तेव्हा पुलावरून वाकलं की हे मासे दिसायचे, लाल ठिपक्यांचे. गेली चाळीस वर्षं एकही नाही. गुडघे चालताहेत तोवर मला ते पुन्हा बघायचे आहेत. या बाबतीत मी थट्टा खपवून घेत नाही.

माझ्या बायकोने, आर्डिसने, लगेच केली. म्हणाली, हार्लन, तुला फ्रिजमधलं लोणी सापडत नाही, तू किडे काय शोधणार.

पाणी बिघडवणारा कोण, हे मी आधीच ठरवलं आहे. ओढ्याच्या वरच्या अंगाचा शेजारी व्हर्न पोलमन आणि त्याच्या गाई. आता फक्त पुरावा गोळा करायचा.

संकल्प: दर रविवारी पहाटे पाचला ओढ्यावर.

९ जून, रविवार

साडेनऊला उठलो. ओढा कुठे पळून जात नाही.

प्रवाहाच्या मधोमध उभं राहून मोजा, असं प्रशिक्षणात सांगितलं होतं. ते नवशिक्यांसाठी. मागच्या पायऱ्यांशी खडकातून झरा येतो, तिथे मी बिअर गार करायला ठेवतो. तिथेच थर्मामीटर बुडवला. एकदा वाकलं की दोन कामं होतात. पाणी एकोणपन्नास अंश फॅरनहाइट. सत्तरच्या वर गेलं की ट्राउटचा जीव घाबरा होतो. म्हणजे आपण फारच सुरक्षित आहोत. बिअरही उत्तम.

दुपारी तळ्यावर. गेल्या वर्षी गुडघ्याच्या ऑपरेशननंतर खणून घेतलं. एका पाइपने ओढ्याचं पाणी आत, दुसऱ्याने परत ओढ्यात. खुर्चीत बसून गळ टाकता येतो. आर्डिस पाय सोडून बसली. म्हणाली, अंघोळीच्या पाण्यासारखं छान कोमट झालंय. मी म्हटलं, मग! उगाच का खणलं!

२३ जून, रविवार

(१६ तारखेला ढगाळ होतं.)

आज किडे. पायाने दगड ढवळायचे आणि खालच्या बाजूला जाळी धरायची. स्वच्छ पाण्यात मेफ्लाय नावाच्या माशीची पिल्लं दगडांना चिकटून असतात. ती मिळाली तर ओढा पास. तिसऱ्या दगडावर मी पडलो. छातीपर्यंतच्या रबरी विजारीत पाणी भरलं आणि उठता येईना. आर्डिस खिडकीतून ओरडली, थांब, हलू नकोस! मला वाटलं दोरी आणतेय. फोन घेऊन आली. फोटो काढला.

टोपी पाण्यात गेली होती, जाळीतच अडकली, हे नशीब. टोपीला मी स्वतः हुकावर पिसं-दोरा गुंडाळून बनवलेल्या गळाच्या खोट्या माश्या टोचलेल्या असतात.

पण ट्रेमध्ये काय मिळालं! मेफ्लायचं पिल्लू. टपोरं, तीन शेपट्या, पुस्तकातल्यापेक्षा देखणं. अजिबात हलत नव्हतं. स्वभावाने शांत असावं. बाटलीत घालून ठेवलं.

३० जून, रविवार

क्लबची सभा. मी पिल्लाबद्दल पंधरा मिनिटं बोललो. सेक्रेटरी रुझिच्काबाईंनी चिमट्याने त्याला उलटं केलं, चष्मा वर केला आणि म्हणाल्या, हार्लन, याला हुक आहे.

माझीच माशी होती. टोपीवरून पडलेली.

लोक बराच वेळ हसले. व्हर्न तर टेबलावर डोकं ठेवून हसत होता. एका गोष्टीकडे कोणाचंच लक्ष गेलं नाही: पन्नास वर्षं माश्या बांधणारा माणूस ज्या माशीला फसला, ती माशी किती जिवंत वाटत असेल! हे हात कोणाचे? तिला पुन्हा टोपीवर लावलं, पुढच्या बाजूला, मानाच्या जागी.

१४ जुलै, रविवार

रुझिच्काबाई तपासणीला आल्या. मी झऱ्यावर नेलं. थर्मामीटर बिअरच्या दोन बाटल्यांमध्ये होता. त्या म्हणाल्या, तुम्ही ओढ्याचा ताप मोजताय की बिअरचा? मग स्वतः मधोमध उतरल्या. माझ्या घराच्या खालच्या अंगाला पाणी त्र्याहत्तर.

जाताना हळूच म्हणाल्या, कारण शोधा आणि ऑगस्टअखेर दुरुस्त करा, नाहीतर पिल्लं पलीकडच्या खोऱ्यात सोडावी लागतील. मलाही वाईट वाटेल.

आधी घाबरलो. नंतर शांत झालो, कारण मला कारण माहीत आहे. त्याला चार पाय असतात आणि ते दूध देतं.

१९ जुलै, शुक्रवार

फिश फ्रायला, म्हणजे गावच्या तळलेल्या माशांच्या जेवणाला, व्हर्नला गाठलं. थाळी येईपर्यंत गप्प राहायचं आणि मग अचानक घेरायचं, असं ठरवलं होतं. बसल्या बसल्याच बोललो. तुझ्या गाई पाण्यात उभ्या राहून पाणी तापवतात. तो म्हणाला, काय रे हार्लन, माझ्या गाई काय शेगड्या आहेत? दोन वर्षं झाली कुंपण घालून, एकीचंही खूर पाण्याला लागलेलं नाही. विश्वास नसेल तर ये आणि मोज. आणि हो, येताना तुझं ते पिल्लू आण, त्यालाही फिरायला मिळेल.

जाणार. पुराव्यानिशी तोंड बंद करणार.

२१ जुलै, रविवार

व्हर्नच्या कुरणाच्या वर: साठ. कुरणाच्या खाली: एकसष्ट. माझ्या हद्दीत शिरताना: एकसष्ट. माझ्या घराखाली: त्र्याहत्तर.

थर्मामीटर व्हर्नच्या बाजूचा आहे. नवा मागवतो.

२८ जुलै, रविवार

नव्यानेही तेच. दोघं मिळालेले आहेत.

दुसरी शक्यता: गाईंनी तापवलेली उष्णता पाण्यात लपून येत असेल आणि माझ्याकडे आल्यावर बाहेर पडत असेल. आर्डिसला समजावून सांगितलं. तिने बटाटे सोलता सोलता विचारलं, आणि तळं?

तळ्याचा काय संबंध!

म्हणाली, हार्लन, मी त्यात पाय सोडून बसले होते. अंघोळीचं पाणी आहे ते, आणि तू ते नळीने ओढ्यात सोडतोस.

 रात्री कमी जेवलो. 

४ ऑगस्ट, रविवार

कोणालाही न सांगता परत जाणाऱ्या पाइपच्या तोंडाशी थर्मामीटर धरला. एक्क्याऐंशी.

खुर्चीत बसून राहिलो. खुर्ची चांगली आहे. गुडघ्यांना तिच्याइतकं कोणी समजून घेत नाही. तळ्यातले सनफिश मासे पावासाठी काठाशी येतात. मी आलो की त्यांना कळतं.

११ ऑगस्ट, रविवार

तोडगा सापडला! परतीचा पाइप बंद केला. आता कोमट पाणी ओढ्यात जाणार नाही, तळंही राहील, अब्रूही राहील.

संध्याकाळ: पाणी भरून वाहिलं आणि आर्डिसच्या डेलियाच्या वाफ्यातून तळघरात शिरलं. लोणच्याच्या बरण्या तरंगताना दिसल्या. तिने फोटो काढला नाही. म्हणजे प्रकरण गंभीर आहे.

१८ ऑगस्ट, रविवार

मीच व्हर्नला फोन केला. सुरुवातीपासून मला तळ्याचीच शंका होती, हे त्याला स्पष्ट सांगितलं. त्याने होय होय म्हटलं. ट्रॅक्टर घेऊन आला, दोन्ही पाइप उपटले, तळं बुजवलं. सनफिश बादलीतून स्वतःच्या गाईंच्या तळ्यात नेले. मी म्हटलं, त्यांना पावाची सवय आहे. तो म्हणाला, माझी बायको ब्रेड भाजते रोज, उपाशी नाही मरणार. मग चिखलाकडे बघत माझ्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. काहीच टोमणा मारला नाही, याचंच मला रडू आलं.

२५ ऑगस्ट, रविवार

घराखाली बासष्ट. मधोमध उभं राहून मोजलं. पडलो नाही. (बसलो.)

२१ सप्टेंबर, शनिवार

पिल्लं सोडली. व्हर्नच्या कुरणात, कारण तिथे सावलीचा डोह आहे. बादली ओतण्याचा मान व्हर्नला. कुंपणापलीकडून गाई बघत होत्या. मीही गाईंच्याच रांगेत उभा होतो.

६ ऑक्टोबर, रविवार

आर्डिसने खुर्ची ओढ्याकाठी आणून ठेवली. बसलो. तास गेला. आणि दिसलं! बोटाएवढं, लाल ठिपक्यांचं, माझ्या हद्दीत, प्रवाहाच्या उलट तोंड करून स्थिर. वडिलांची आठवण झाली.

नीट बघायला वाकलो तर टोपी पाण्यात. उलटी होऊन दगडाला अडकली. पुढची माशी, मानाची, पाण्यात लोंबत होती. पिल्लू सावकाश आलं, तिच्याभोवती फिरलं.  आता कळेल सगळ्यांना! त्याने तोंड उघडलं, माशी आत घेतली.

आणि थुंकली.