गावपळणीतला राहिलेला शॉट

२ डिसें.
देवाने कौल दिला. येत्या रविवारी गावपळण. गुरं, कुत्री, कोंबड्या, सगळा गाव वेशीबाहेर, तीन दिवस झोपड्यांत. मागे चिटपाखरू राहणार नाही.
मला तेवढंच हवंय. रिकामं गाव. बाकी फिल्म केव्हाची जोडून पडलीय, शेवटाशिवाय. मागच्या पळणीला सावंतवाडीत लाकडी खेळणी रंगवणाऱ्यांकडे बघत बसले. पोचले तर लोक परत येऊन अंगणं झाडत होते. तेव्हापासून वर्षं चाललीत.
यंदा कुठे म्हणजे कुठेच जायचं नाही.

४ डिसें.
गेलेच. शाळेत फिल्मचा तास होता. मुलांना सांगितलं, बघत राहा, घाई नको. माझंच बोलणं मला नकोसं झालं. हेडसर : "तुमची ती फिल्म अजून चाललीय?" चाललीय. लग्नाची शूटिंगं, शाळा, परत लग्नं, उरलेल्या फटीत ती.
येताना कसालला उतरून आईकडे जायचं होतं. स्टँडवर भजी खाल्ली, एका माणसाच्या बासरीत अडकले, शेवटची गाडी आली. राहिलं.

५ डिसें.
पळणीचं सगळं आप्पा गावकर बघतात. त्यांना विचारलं, कॅमेरा घेऊन आत जाऊ? सुपारी कातरत म्हणाले, "गावच्यान भायर पडाचा. भायरचो मानूस वाटेन गेलो तर देव त्येका धरना नाय. तू खंयची, ता तू ठरय."
सोपं आहे की. मी कसालची. आधार कार्डावर तसंच आहे.
मग "उद्या सांगते" का म्हटलं?

६ डिसें.
सांगितलं नाही. ज्यांच्या पडवीमागच्या खोलीत इतकी वर्षं राहतेय त्या शेवंतीकाकी झोपडीचं सामान काढत होत्या.
"चटई खंय घालू तुजी? दाराकडे नको, वारो लागता."
आत जाण्याबद्दल विचारलंय हे सांगायचं होतं. काकींना कळलेलंच होतं.
"आप्पान सांगल्यान माका. भायरची मगे कोंबो कित्याक पाळलंस?"
कोंबडा जत्रेत आवडला म्हणून आणला होता. त्याचं काय ते आजवर काकीच बघतात.
"कोंबो गावचो. त्येका मी नेतलंय. तुजा तू बघ."
हसल्या नाहीत.
बॅटऱ्या चार्ज केल्या. लेन्स पुसली. परत पुसली.

७ डिसें., रवि.
नगारा वाजला. माणसं निघाली. डोक्यावर टोप-भांडी, पाठीवर पोरं, पुढे म्हशी. काकींनी दाराला कडी घातली आणि कोंबड्याची टोपली माझ्या हातात दिली. "धर. माजे हात भरले."
दुसऱ्या हातात कॅमेरा.
वेशीवर आप्पा उभे. काय सांगायचं ते वाटेत घोकलं होतं. त्यांनी टोपलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, विचारलं काहीच नाही. मीही थांबले नाही. बाहेर.

८ डिसें.
थकलेय. काही न करता. इथून गावातली झाडं तेवढी दिसतात. धूर नाही, हाक नाही. असा उजेड परत मिळायचा नाही.
पोरं विचारतात, "बाई, शूटिंग कधी?"
कोंबडा सकाळी वेशीबाहेर आरवला. आतून उत्तर नाही.
काकींनी माझी चटई मधोमध घातली होती, त्यांच्या शेजारी. दुपारी मी ती दाराकडे ओढली, तिथून वेस दिसते. काकींनी बघितलं.
"वारो लागतलो."
"लागूदे."
पळण अजून संपलेली नाही. कॅमेरा उशाशी आहे.