पंखा फिरतोय, तरी एरर

४ नोव्हेंबर, मंगळवार

चालू झालं! आणि लगेच अडलं.

काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं — सीपीयू फॅन एरर. पुढे जायचं तर एफ-वन दाबा म्हणे. कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकण उघडंच होतं. वाकून पाहिलं. प्रोसेसरवरचा पंखा मस्त गरगर फिरतोय! मग एरर कसली?

जेवणाच्या टेबलावर पसारा मांडून एकेक भाग मी स्वतः जोडलाय. नवरा कामासाठी परगावी. फोनवर म्हणाला, "तयार मशीन आणायचं सोडून हा कुठला उद्योग?" म्हटलं, माझं काम, माझं मशीन. आता तोंडघशी पडायला नको.

सासूबाई शेजारी खुर्ची टाकून बसल्या होत्या. "पंखा फिरतोय ना? मग लिहू दे त्याला काय लिहायचंय ते."

तसं एफ-वन दाबून पुढे जाता येतं. पण उद्या पंखा खरंच बंद पडला आणि मशीनला पत्ताच नसला, तर? प्रोसेसर तापेल, हातातलं काम जाईल. छपाईसाठी एका पुस्तकाची पानं लावून द्यायचीत — नोकरी सोडल्यावरचं पहिलं काम! धोका नको.

५ नोव्हेंबर

जिथून सुटे भाग आणले त्या दुकानदाराला फोन केला.

"ताई, पंखा फिरतोय हे तुम्हाला दिसतंय. मदरबोर्डाला दिसतंय का? वायर कुठल्या पिनांवर लावलीय ते वाचा आधी."

मुंगीएवढी अक्षरं. सासूबाईंनी बॅटरी धरली, मी टेबलावर जवळजवळ आडवी झाले. आणि काय — वायर डब्याच्या पंख्यासाठीच्या पिनांवर! तिथे वीज मिळते म्हणून पंखा फिरतो. पण प्रोसेसरच्या पंख्याची हजेरी बोर्ड घेतो भलतीकडेच. तिथे गैरहजर, म्हणून बोंब.

वायर योग्य जागी लावली. चालू केलं — पुन्हा तीच एरर! वर टर्रर्र असा आवाज.

"अगं थांब, काहीतरी घासतंय," सासूबाई ओरडल्या.

घाईघाईने प्लग काढला. वायर सैल लोंबून पात्यांत शिरली होती. पंखा अडूनच बसला होता बिचारा. वायर ओढून पट्टीने बांधली. चालू केलं. एरर गायब! सासूबाईंनी टाळीसाठी हात पुढे केला. मला? मला!

६ नोव्हेंबर

सकाळी पुन्हा एरर. दुपारी नाही. हा काय चावटपणा?

७ नोव्हेंबर

सकाळी आहे. दुपारी नाही. सासूबाई म्हणतात, "सकाळी उठायचा कंटाळा येत असेल त्याला."

८ नोव्हेंबर

सासूबाईंचा विनोद खराच निघाला! दुकानदार म्हणाला, "पंखा संथ फिरणाऱ्यांतला आहे, ताई. सकाळी मशीन गार असतं, तेव्हा तो आणखी सावकाश फिरतो. बोर्डाला वाटतं थांबला. सेटिंगमध्ये कमीत कमी वेगाची मर्यादा आहे, ती जरा खाली आणा. पण ती सूचनाच बंद करून टाकू नका हं! पंखा खरंच थांबला तर कळायला हवं."

मर्यादा खाली आणली. उद्या बघू.

९ नोव्हेंबर

गार मशीन. बटण दाबलं. एरर नाही! पानं लावायला बसले.

११ नोव्हेंबर

आता सासूबाईंचं सुरू झालंय — "घूं घूं करतंय गं तुझं मशीन."

कान लावून ऐकलं. पुसटशी फरफर, बस्स. तरी डब्याखाली रबराचे तुकडे ठेवले. झाकणाचे स्क्रू आवळले. मशीन टेबलावरून काढून माझ्या खोलीत नेलं, दार लोटून घेतलं. तरी आहेच. "येतोय अजून." चहाच्या वेळी तेच, जेवताना तेच. शेवटी माझा तोल गेला. "आई, याच्यापेक्षा आपला फ्रिज जास्त घुमतो!"

त्या उठून आत गेल्या. मशीनवर त्यांचा राग आहे की माझ्यावर, कळत नाही. टाळी देणारा हात यांचाच होता ना?

१२ नोव्हेंबर

दुपारी वीज गेली. मशीन बंद, फ्रिज बंद. घर चिडीचूप. आतून सासूबाईंचा आवाज आला — "आता तरी बंद कर गं ते."

त्यांच्या पलंगावर जाऊन बसले. हात हातात घेतला. "आई, हा आवाज तुमच्या कानात कधीपासून येतोय?"

"तुझं मशीन यायच्या आधीपासून," म्हणाल्या. "मग ते आलं. म्हटलं, चला — हा त्याचाच असू दे."