बिनसाखरेच्या सिरपची शेड

३ मार्च, सोमवार
रिपोर्ट आला. साखर वाढली आहे. डॉक्टर म्हणाले की महिनाअखेर पुन्हा तपासू, उतरली नाही तर रोज इंजेक्शन. मी हसून मान डोलावली. बाहेर येऊन बाकावर बसलो. सुईला मी भीत नाही. ती फक्त माझ्या अंगात शिरू नये.

घरी आल्या आल्या हिने मेपल सिरपची बाटली शेजारणीला देऊन टाकली. रविवारी पॅनकेक हा माझा लग्नाआधीपासूनचा नेम. ते कोरडे कसे खायचे, असं विचारलं. खाऊच नका, असं उत्तर आलं. हिला मूळ प्रश्नच कळत नाही.

४ मार्च
निश्चय : बिनसाखरेचं मेपल सिरप स्वतः बनवणार. रंगाच्या कारखान्यात एवढी वर्षं शेड जुळवतोय. गिऱ्हाईक जुन्या दाराचा टवका आणून देतं, आपण तोच रंग डब्यात भरून देतो. सिरप म्हणजे किस झाड की पत्ती!

शेजारणीकडून नमुन्यापुरतं वाटीभर सिरप मागून आणलं.

५ मार्च
नमुना संपला. पुन्हा मागितला.

६ मार्च
प्रयोग पहिला. पाणी, गोडीला स्टीव्हिया, घट्टपणाला गम. हाच गम आमच्या डिस्टेंपरमध्ये असतो, तेव्हा खात्रीचा माल. खिडकीच्या उजेडात शेड पाहिली, तंतोतंत. कारखान्यात रंगाचा दाटपणा मोजायला भोकाचा कप असतो, त्यातून धार सोडून पाहिली, हुबेहूब. (कप धुतला होता. बहुतेक.) पॅनकेकवर एकसारखं पसरतं, ब्रशच्या खुणाही राहणार नाहीत. चव तेवढी राहिली. लेक म्हणाली की बाबा, हे प्रायमरसारखं लागतंय. प्रायमर तिने कधी खाल्ला?

९ मार्च, रविवार
गोडीला स्टीव्हियाऐवजी एरिथ्रिटॉल वापरलं. काल सुरेख पाक, आज बाटलीत वाळू. लोक भिंतीला मुद्दाम असं टेक्स्चर करून घेतात, हे घरात कुणाला पटलं नाही. चार पॅनकेक खाल्ले. चव नीट कळायला एवढे लागतातच.

१२ मार्च
आता गोडीला सॉर्बिटॉल. चव उत्तम! सहा पॅनकेकवर खात्री केली.
दुपारी : पोट बिघडलं. सॉर्बिटॉलचा संबंध नसावा.
संध्याकाळी : संबंध आहे.

१७ मार्च
शोध लागला! मेथी!! भाजून उकळली की थेट मेपलचा वास. काखेत कळसा आणि गावाला वळसा. ही म्हणाली की मेथी साखरेवर चांगलीच, मग नुसतीच घ्या ना. नुसती मेथी! मी काय गुन्हा केलाय? हिने पॅनकेकबद्दलही काहीतरी सांगायचा प्रयत्न केला. प्रयोग चालू असताना मध्ये बोलायचं नाही, असं मी बजावून ठेवलं आहे.

२० मार्च
माझ्या घामालाच मेपलचा वास येऊ लागला आहे. लिफ्टमध्ये अकाउंट्सच्या बाईंनी विचारलं की आज कुणाचा वाढदिवस आहे का.

२३ मार्च, रविवार
जमलं! लेकीचे डोळे बांधून दोन घास दिले. एकावर शेजारणीचं सिरप, एकावर माझं. तिला ओळखता आलं नाही. हिनेही चाखलं आणि छान झालंय म्हणाली. खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी आलं. सुई टळली!

आता प्रत्येक बॅच सारखी उतरली पाहिजे, नाहीतर शेडला अर्थ नाही. रोज सकाळ-संध्याकाळ तपासणी.

२९ मार्च
सगळ्या बॅच सारख्या. मैद्याचं दुसरं मोठं पाकीट संपत आलं. पँट धुण्यात आटलेली दिसते. डॉक्टरांसाठी एक बाटली भरून, लेबल लावून ठेवली. ते थक्क होणार.

३१ मार्च
साखर आधीपेक्षा जास्त. लॅबची चूक आहे असं मी ठणकावून सांगितलं आणि बाटली टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी बोटभर चाटून पाहिलं, वा म्हणाले, यात साखर नाही हे मान्य केलं. मग विचारलं की हे तुम्ही घालता कशावर. मी सांगितलं, मैद्याच्या पॅनकेकवर. किती, तेही विचारलं. मी अर्धेच सांगितले. तरी त्यांनी चष्मा काढला. ही छताकडे बघत होती.

इंजेक्शन उद्यापासून. हिला द्यायला शिकवलं. बाटली डॉक्टरांनी ठेवून घेतली.

१ एप्रिल
खुर्चीत बसलो, शर्ट वर केला, डोळे गच्च मिटले, दात आवळले. बराच वेळ तसाच. शेवटी हिला म्हटलं की टोच बाई एकदाची, जीव टांगून ठेवू नकोस. आवाज स्वयंपाकघरातून आला की केव्हाच टोचून झालं, उठा आता. डोळे उघडले तर ही ओट्याशी भांडी घासत होती.

एवढ्यासाठी मी पंधरा दिवस मेथी उकळली.